मांडणी आणि बजावणी : जितीश कल्लाट यांच्या ‘पब्लिक नोटीस’ मालिकेचा संग्रहालयाच्या संदर्भात विचार

प्रास्ताविक

गेल्या तीन-चार दशकांत भारतीय दृश्यकलेचे स्वरूप मोठ्या प्रमाणावर पालटले आहे. चौकटीतील चित्र आणि चौथऱ्यावरील शिल्प या परिचित प्रकारांच्या जोडीला मांडणशिल्प, चलच्चित्र, छायाचित्र आणि लिखित मजकूर यांचा आधार घेणारी कला रूढ झाली. या रूपबदलाबरोबर आशयही बदलला. दहशतवाद, धार्मिक हिंसा, स्थलांतर, बाजारपेठेच्या विस्तारातून वाढलेली विषमता असे प्रश्न कलावंतांनी आपल्या कामाच्या केंद्रस्थानी आणले. हे प्रश्न एका देशाच्या सीमेत मावणारे नसल्यामुळे अशा कलेची प्रदर्शने जगभरच्या संग्रहालयांत भरू लागली आणि मुंबईतील कलावंताची कृती शिकागो, सिडनी वा व्हेनिस येथे पाहिली जाऊ लागली.

या घडामोडीचे स्वागत करताना एक मूलभूत प्रश्न मात्र टाळता येत नाही. संग्रहालय ही मुळात जतनाची जागा आहे. जे वापरातून गेले ते तेथे येते. नांगर शेतात असतो तोवर अवजार असतो. काचेच्या पेटीत गेला की तो पाहण्याची वस्तू होतो. मग जो सामाजिक प्रश्न अद्याप धगधगता आहे, तो संग्रहालयात मांडला असता त्याचे काय होते? तो अधिक तीव्रतेने जाणवतो, की तोही एक वस्तू होऊन निवून जातो? जितीश कल्लाट यांच्या ‘पब्लिक नोटीस’ या मालिकेतील तीन कलाकृती, विशेषतः शिकागोच्या कलासंग्रहालयात २०१० साली मांडलेली तिसरी कलाकृती, यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याच अनुषंगाने मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातील कल्लाट यांचे २०११ चे प्रदर्शन आणि जुन्नर परिसरातील प्राचीन शिलालेख यांचाही येथे परामर्श घेतला आहे.

‘नोटीस’ या संज्ञेचा आशय

मालिकेच्या नावापासूनच विचारास आरंभ करणे सोयीचे ठरेल. ‘जाहीर नोटीस’ हा शब्दप्रयोग मराठी वाचकाला कलेच्या क्षेत्रातून परिचित झालेला नाही. तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरून, तलाठी कार्यालयाच्या फलकावरून आणि न्यायालयाच्या आवारातून परिचित झाला आहे. जमिनीचा व्यवहार ठरला की जाहीर नोटीस प्रसिद्ध होते. कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास अमुक दिवसांत पुराव्यासह कळवावे, अन्यथा तो सोडून दिला असे समजण्यात येईल, असा तिचा साचा असतो. या साच्यात एक विलक्षण सामर्थ्य आहे. नोटीस प्रसिद्ध झाल्यानंतर ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही. वाचणारा आणि न वाचणारा असे दोघेही तिने बांधले जातात.

मराठीत नोटीस ‘देतात’ त्याचप्रमाणे ती ‘बजावतात’ही. बेलीफ दारी येतो, सही घेतो. दार बंद असेल तर दारावर कागद चिकटवतो. बजावणीत माहितीच्या पलीकडचे काहीतरी असते, ते म्हणजे उत्तराची अपेक्षा. याउलट प्रदर्शनात वस्तू ‘मांडतात’. मांडलेली वस्तू प्रेक्षकाकडून उत्तर मागत नाही. ती फार तर दाद मागते. मांडणी आणि बजावणी यांतील हा भेद सामाजिक प्रश्नांवरील कलेच्या मूल्यमापनासाठी उपयुक्त ठरतो. अशा कलेचे यश ती किती प्रभावी रीतीने मांडली गेली एवढ्यावरच मोजता येणार नाही. ती कोणावर आणि कोणत्या जागी बजावली गेली, हेही विचारात घ्यावे लागते.

अग्नी, अस्थी आणि प्रकाश : मालिकेची जडणघडण

जितीश कल्लाट यांचा जन्म १९७४ साली मुंबईत झाला आणि त्यांचे कलाशिक्षण सर ज. जी. कलामहाविद्यालयात झाले. महानगरातील गर्दी, रहदारी, भिंतीवरील मजकूर आणि वर्तमानपत्री बातमी ही त्यांच्या कलेची सामग्री राहिली आहे. ‘पब्लिक नोटीस’ मालिकेत त्यांनी भारताच्या आधुनिक इतिहासातील तीन भाषणे निवडली आणि प्रत्येक भाषणाला वेगळे द्रव्य दिले.

२००३ सालच्या पहिल्या कलाकृतीत पंडित नेहरूंचे १४-१५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचे भाषण आहे. त्याची अक्षरे आरशासारख्या पृष्ठभागावर डिंकवजा द्रावणाने लिहून पेटवून देण्यात आली. आगीने अक्षरे करपली आणि आरसाही वेडावाकडा झाला. वाचू पाहणाऱ्याला जळक्या अक्षरांच्या फटींतून स्वतःचाच विरूप चेहरा दिसतो. गुजरातमधील २००२ च्या दंगलींनंतर अवघ्या वर्षभरात ही कृती साकारली, हा काळाचा संदर्भ ध्यानात घेतला म्हणजे आगीची निवड केवळ तांत्रिक राहत नाही.

२००७ सालच्या ‘पब्लिक नोटीस २’ मध्ये महात्मा गांधींनी दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येला, ११ मार्च १९३० रोजी साबरमतीकाठी केलेले भाषण आहे. येथे प्रत्येक अक्षर हाडाच्या आकारात घडवलेले असून अशी ४,४७९ अक्षरे फळ्यांवर ओळीने मांडलेली आहेत. ही कृती पुढे सिडनीच्या न्यू साउथ वेल्स कलासंग्रहालयाच्या संग्रहात समाविष्ट झाली. अहिंसेचा आदेश देणारे भाषण उत्खननात सापडलेल्या अवशेषांप्रमाणे पुढे येते. दुरून पाहता ती पुरातत्त्व विभागाची मांडणी वाटते आणि जवळ गेल्यावर वाक्य लागते. अहिंसेचा विचार आज अवशेषरूपाने उरला आहे काय, असा प्रश्न विचारताना कलावंताने संग्रहालयाचीच भाषा वापरली आहे.

तिसऱ्या कलाकृतीचे द्रव्य प्रकाश आहे. तिचा विचार विस्ताराने करावा लागेल, कारण पहिल्या दोन कृती कोणत्याही संग्रहालयात नेता येतात. तिसरीचा अर्थ मात्र एका विशिष्ट इमारतीला बांधलेला आहे.

शिकागोचा जिना

स्वामी विवेकानंदांचे सर्वधर्म परिषदेतील पहिले भाषण ११ सप्टेंबर १८९३ रोजी झाले. ज्या इमारतीत ही परिषद भरली ती त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनाशी संलग्न असलेल्या परिषदांसाठी उभारण्यात आली होती आणि पुढे तेथेच शिकागोचे कलासंग्रहालय स्थिरावले. त्याच इमारतीतील भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर कल्लाट यांनी हे संपूर्ण भाषण दिव्यांच्या अक्षरांत लिहिले. डॉ. मधुवंती घोष यांच्या संयोजनाखाली हे प्रदर्शन ११ सप्टेंबर २०१० रोजी खुले झाले आणि सुमारे एक वर्ष चालू राहिले.

अक्षरांचे रंग पाच आहेत : लाल, नारिंगी, पिवळा, निळा आणि हिरवा. हे रंग सौंदर्यदृष्टीने निवडलेले नाहीत. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकन शासनाने २००२ साली दहशतवादाच्या धोक्याची पातळी जनतेला कळवण्यासाठी जी रंगसूची लागू केली, तीच ही सूची. धर्मांधतेचा अंत व्हावा अशी आशा व्यक्त करणारे १८९३ चे भाषण, तीच तारीख असलेल्या दिवशी १०८ वर्षांनी घडलेल्या संहाराच्या रंगांत लिहिले गेले. भाषणाचा एकही शब्द कलावंताने बदललेला नाही. केवळ रंगाच्या योजनेने त्या भाषणाची आशा आणि तिचा भंग एकाच ओळीत वाचावयास मिळतो.

जिन्याच्या रचनेचा उपयोगही विचारपूर्वक केलेला आहे. खालच्या दोन प्रवेशांपाशी मजकूर दुहेरी होतो आणि वर चार दिशांना फुटणाऱ्या पायऱ्यांवर तो चौपट होतो, जणू एकाच आवाजाचे प्रतिध्वनी उमटत जावेत. पायरीची उभी बाजू चढणाऱ्यालाच दिसते, उतरणाऱ्याला दिसत नाही. चढताना वाक्य डोळ्यांसमोर येते. उतरताना तेच वाक्य पाठीशी राहते आणि पावले त्यावरून जातात. सभागृहात बसलेल्या श्रोत्याला जे भाषण एकदा ऐकावयास मिळाले, ते येथे शरीराच्या श्रमाने, पायरी पायरीने वाचावे लागते. शिवाय हा जिना दालनांकडे जाण्याचा रस्ता आहे. समकालीन कला पाहण्यासाठी न आलेल्या प्रेक्षकालाही त्यावरून जावेच लागते.

येथे ‘बजावणी’ या संज्ञेची सार्थकता पटते. ही नोटीस रस्त्यात आडवी आलेली आहे. ती ज्या संस्थेत लावली आहे त्या संस्थेलाही ती लागू होते, कारण सहिष्णुतेचा तो उच्चार याच वास्तूत झाला होता. शतकाहून अधिक काळ ज्या वास्तूने त्या भाषणाची आठवण अभिमानाने सांगितली, तिलाच आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. जागतिक प्रश्नावरील कला संग्रहालयात परिणामकारक ठरण्याची पहिली अट येथे मिळते : त्या कलेने संग्रहालयाला केवळ जागा म्हणून न वापरता पक्षकार करून घेतले पाहिजे.

मालिकेच्या मर्यादा

या गुणवत्तेची नोंद घेतल्यानंतर काही मर्यादांचाही निर्देश करणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा रंगसूचीची. अमेरिकन शासनाने ही सूची एप्रिल २०११ मध्ये, म्हणजे प्रदर्शन चालू असतानाच, रद्द केली. ज्या प्रेक्षकाने विमानतळावर हे रंग अनुभवले होते त्याला जिना पाहताक्षणी धक्का बसत होता. नंतरच्या पिढीला मात्र शेजारच्या फलकावरील माहिती वाचल्यावाचून रंगांचा अर्थ लागणार नाही. तत्कालीन संकेतावर उभ्या राहिलेल्या कलाकृतीला हा धोका अटळ असतो. तरीही यातून एक अनपेक्षित अर्थ निघतो. शासनाने भीतीची भाषा मागे घेतली, आणि तिची आठवण तेवढी कलेत राहिली.

दुसरी मर्यादा निवडीची असून ती अधिक गंभीर आहे. परिषद ११ ते २७ सप्टेंबर १८९३ अशी सतरा दिवस चालली. तीत मुंबईचे बळवंत भाऊ नगरकर ब्राह्मसमाजाच्या वतीने, वीरचंद गांधी जैनांच्या वतीने आणि अनागारिक धर्मपाल बौद्धांच्या वतीने बोलले. खुद्द विवेकानंदांनीही एकच भाषण केले नाही. २० सप्टेंबरच्या छोट्या भाषणात त्यांनी भारतातील दुष्काळाकडे लक्ष वेधून, उपाशी माणसाला धर्मोपदेश करणे हा त्याचा अपमान आहे, अशा आशयाचे कठोर विधान केले. पहिल्या भाषणाला टाळ्यांचा कडकडाट लाभला आणि तेच पुढे शालेय पुस्तकांपासून सभागृहांच्या भिंतींपर्यंत पोहोचले. भुकेचे भाषण मागे राहिले. कल्लाट यांनी जे भाषण निवडले तेही टाळ्यांचेच. सहिष्णुतेची नोटीस स्वीकारणे संग्रहालयाला तुलनेने सोपे जाते, कारण तिच्याशी तत्त्वतः असहमत होणारा प्रेक्षक विरळा. भुकेची नोटीस मात्र दात्यांची, विश्वस्तांची आणि बाजारपेठेची दारे ठोठावते.

कल्लाट यांना हे भान नाही असे म्हणता येणार नाही. २००७ सालच्या ‘डेथ ऑफ डिस्टन्स’ या कृतीत त्यांनी एक रुपयाचे प्रचंड नाणे उभे केले आणि सोबतच्या चित्रफलकांवर दोन मजकूर असे छापले, की पाहणारा जागा बदलेल तसा एक लोपून दुसरा दिसावा. एक मजकूर देशभरात कोठेही एक रुपयात दूरध्वनी करण्याच्या नव्या सवलतीचा. दुसरा, शाळेतील जेवणासाठी आईकडून एक रुपया न मिळाल्यामुळे आत्महत्या केलेल्या मुलीच्या बातमीचा. जागतिकीकरणाने अंतर नष्ट केल्याची घोषणा आणि त्याच एका रुपयाइतके न ओलांडता आलेले अंतर, ही दोन सत्ये एकाच कागदावर आहेत. मात्र ती एकाच वेळी दिसत नाहीत. समीक्षकाच्या दृष्टीने ही कृती ‘पब्लिक नोटीस’च्या शेजारी ठेवून वाचणे आवश्यक आहे, कारण मालिकेत जे निसटले ते येथे आलेले आहे.

तिसरी मर्यादा जातीच्या प्रश्नाची. भारताने परागंदा झालेल्यांना आश्रय दिला, हा १८९३ च्या भाषणातील अभिमानाचा मुद्दा आहे. महाराष्ट्रातील वाचकाला तेथे थबकावे लागते. त्याच काळात जुन्नर परिसरात, विशेषतः ओतूरकडे, सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह लावले आणि त्यावरून प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. परक्यांना जागा देणारा समाज आपल्याच माणसांना पाणवठ्यावर जागा देत नव्हता, ही विसंगती शिकागोच्या जिन्यावर कोठेही प्रकाशित होत नाही. याचा अर्थ एका कलाकृतीने सर्वच सांगावे असा नाही. परंतु जागतिक व्यासपीठावर भारताचे कोणते शब्द जातात आणि कोणते मागे राहतात, हे विचारणे समीक्षेचे कर्तव्य आहे. या संदर्भात प्रभाकर कांबळे यांच्या ‘उतरंड’ या मालिकेचा उल्लेख उचित ठरेल. ती २०२२ च्या बर्लिन द्वैवार्षिकीत मांडली गेली. एकावर एक रचलेल्या भांड्यांची ही घडण मराठी स्वयंपाकघरातील एका शब्दावर उभी आहे. उतरंडीतील प्रत्येक मडके वरच्याचा भार वाहते आणि खालच्यावर भार टाकते. तळातले मडके काढल्यावाचून रचना हलत नाही. येथे भाषणाची गरज उरत नाही. शब्दच पुरेसा ठरतो.

न पोहोचलेले पत्र

बजावणीच्या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. कल्लाट यांच्या २०१२ सालच्या ‘कव्हरिंग लेटर’ या कृतीत महात्मा गांधींनी २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला लिहिलेले पत्र वरून खाली ओघळणाऱ्या धुक्याच्या पडद्यावर प्रक्षेपित होते. युद्ध टाळण्याची विनंती करणारे हे पत्र ब्रिटिश शासनाने पुढे जाऊ दिले नाही. २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिकीतील भारतीय दालनात ही कृती मांडण्यात आली तेव्हा प्रेक्षक त्या धुक्यातून, म्हणजे पत्राच्या अक्षरांतूनच, चालत जात होते. अक्षरे अंगावरून सरकत होती आणि हाती काहीच लागत नव्हते.

ज्याच्यावर बजावायची त्याच्यापर्यंत न पोहोचलेली ही नोटीस होय. तिला प्राप्तकर्ता न मिळाल्यामुळे आता ती वाटेत येणाऱ्या प्रत्येकाच्या नावे होते. ‘पब्लिक नोटीस ३’ मध्ये जागा निश्चित आहे, येथे जागा विरून गेली आहे. तरीही परिणाम ओसरत नाही, कारण पत्राच्या अपयशाची कथाच कृतीचे द्रव्य झाली आहे. यावरून पहिली अट किंचित व्यापक करावी लागते. कलाकृतीला इमारतीचा इतिहास मिळालाच पाहिजे असे नाही. परंतु ज्या शब्दांचा ती उच्चार करते त्या शब्दांचे पुढे काय झाले, याचा हिशोब तिच्यात असावा लागतो.

भायखळ्याचे संग्रहालय

शिकागो आणि व्हेनिस येथील उदाहरणांनंतर साहजिकच असा प्रश्न पडतो की, महाराष्ट्रातील संग्रहालयांनी अशा कलेसाठी आपला इतिहास खुला केला आहे काय? या दृष्टीने भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण लक्षणीय आहे. १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाने लोकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा खुले झाले आणि तस्नीम झकारिया मेहता यांच्या संचालकत्वाखाली समकालीन कलावंतांना संग्रहालयातील वस्तूंशी संवाद साधण्यासाठी निमंत्रित करण्याचा उपक्रम सुरू झाला.

या संग्रहालयाच्या प्रसिद्ध वस्तूंत मुंबईतील विविध जाती, धंदे आणि पेहराव दाखवणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. वसाहतकालीन शासनाला प्रजेची जी वर्गवारी हवी होती तिचे हे मूर्त रूप. प्रत्येक माणूस आपल्या जातीच्या पागोट्यात, आपल्या हत्यारासह, जागच्या जागी उभा आहे. कल्लाट यांनी २०११ साली येथे भरवलेल्या ‘फील्डनोट्स : टुमॉरो वॉज हिअर यस्टरडे’ या प्रदर्शनात ‘अँगर ॲट द स्पीड ऑफ फ्राइट’ ही कृती होती : रंगवलेल्या छोट्या मानवाकृतींची लांब रांग, एकमेकांवर तुटून पडलेली. जुन्या पेट्यांतील शांत, वर्गीकृत नगरवासी आणि हे दंगलीत सापडलेले त्यांचे वारस यांची आपोआप तुलना होते. माणसांना खणाखणांत उभे करणारी नोंदणी आणि त्या खणांनिशी एकमेकांवर उठलेले हात यांच्यातील नाते सांगण्यासाठी वेगळ्या भाष्याची आवश्यकता राहिली नाही. त्याच प्रदर्शनातील ‘सर्का’ या १२० भागांच्या कृतीत बांबूच्या परांचीसारखी रचना होती आणि तिच्यावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागातील प्राणी एकमेकांना गिळताना कोरलेले होते. नुकत्याच जीर्णोद्धार झालेल्या वास्तूत परांची उभी करणे म्हणजे दुरुस्ती संपलेली नाही असे सुचवणे होय.

येथेही संग्रहालय पक्षकार झाले. मर्यादा आहे ती भाषेची. प्रदर्शनाचे आणि कलाकृतींचे नाव इंग्रजी, त्यांभोवतीचा चर्चाविश्वाचा व्यवहारही प्रामुख्याने इंग्रजी. राणीच्या बागेत सुटीच्या दिवशी मुलांना प्राणी दाखवण्यास येणारी श्रमिक कुटुंबे हा या संग्रहालयाचा दारातला प्रेक्षक आहे. नोटीस ज्याच्यावर बजावायची त्याच्या भाषेत ती नसेल तर न्यायालयातही आक्षेप घेता येतो. कलेच्या बाबतीत हा आक्षेप अजून पुरेशा गांभीर्याने घेतला गेलेला नाही.

जुन्नरचे शिलालेख : एक समांतर विचार

ज्यांचे नाव भायखळ्याच्या संग्रहालयाला आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड वैद्यकाबरोबरच प्राचीन लेखांचेही अभ्यासक होते. त्यांच्यासाठी ठिकठिकाणचे लेख उतरवून घेण्याचे काम पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८६१ पासून भाऊ दाजींच्या निधनापर्यंत, म्हणजे १८७४ पर्यंत केले. पुढे नाणेघाट आणि जुन्नरच्या लेखांच्या वाचनात याच भगवानलालांचा मोलाचा वाटा राहिला. वारूळवाडी-नारायणगाव परिसरातील वाचकाला त्यामुळे या संग्रहालयाशी एक जुना धागा लाभलेला आहे.

नाणेघाटातील नागनिकेचा लेख हा कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या व्यापारी वाटेवर कोरलेला आहे. यज्ञांची आणि दक्षिणेची ती दीर्घ यादी देवळाच्या गाभाऱ्यात नव्हे तर रहदारीच्या वाटेवर, घाट चढून दमलेल्या तांड्यांच्या विश्रांतीच्या जागी लिहिली गेली. सत्तेने वाटसरूवर बजावलेली ही जाहीर नोटीसच म्हणावी लागेल. शिकागोचा जिना आणि नाणेघाटाची चढण यांतील साम्य केवळ योगायोगाचे नाही. सार्वजनिक शब्द कोठे लिहावा, याचे जुने शहाणपण दोन्हीकडे एकच आहे.

याहून महत्त्वाचे आहेत ते जुन्नरच्या लेण्यांतील तीन यवन दात्यांचे लेख. एकाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्याने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. तिसऱ्याने लेण्याच्या दर्शनी भागाचे दान केले. या लेखांच्या प्रकाशात सहिष्णुतेच्या आधुनिक परिभाषेकडे पाहिले असता तिच्यातील एक उणीव स्पष्ट होते. आश्रय देण्याच्या भाषेत परका नेहमी घेणारा असतो. यजमान देतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. जुन्नरच्या लेखांत परका देणारा आहे. तो पाणी देतो, अन्नाची जागा देतो, आणि स्थानिक संघ ते स्वीकारून त्याचे नाव दगडावर कोरू देतो. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाल्यावाचून सहजीवन घडत नाही, हे त्या टाक्यांच्या काठी कोरलेल्या एका ओळीत नमूद आहे. आज याच परिसरातील मळ्यांत आणि बाजार आवारांत बाहेरगावांहून आलेले मजूर राबतात. त्यांच्याकडे आश्रित म्हणून पाहावयाचे की येथील समृद्धीचे दाते म्हणून, हा प्रश्न त्या लेखांनी आधीच उपस्थित केलेला आहे.

परंतु हे लेख वाचतो कोण? लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणारे भाविक आणि शिवनेरीवर जाणारे सहलकरी यांच्यासाठी ब्राह्मी अक्षरे म्हणजे भिंतीवरील रेघा आहेत. रंगसूची रद्द होताच शिकागोच्या अक्षरांवर जी वेळ येऊ लागली, तीच वेळ या अक्षरांवर शतकांपूर्वी आली. लिपी हरवली की नोटीस अलंकार होऊन राहते. ती पुन्हा नोटीस व्हावयाची असेल तर वाचक घडवावा लागतो.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. जागतिक सामाजिक प्रश्नांवरील कला संग्रहालयात आली म्हणून निष्प्रभ होते असे नाही, आणि विषय मोठा आहे म्हणून ती परिणामकारक होते असेही नाही. ती ज्या संस्थेत उभी राहते त्या संस्थेच्या इतिहासाला आणि ज्या शब्दांचा आधार घेते त्या शब्दांच्या भवितव्याला ती जेव्हा उत्तरदायी करते, तेव्हा मांडणीची बजावणी होते. ‘पब्लिक नोटीस ३’ आणि भायखळ्याचे प्रदर्शन या कसोटीला मोठ्या अंशी उतरतात. भुकेच्या आणि जातीच्या प्रश्नावर मालिका मौन राखते, ही तिची उणीव होय. ती इतर कृतींच्या सान्निध्यात भरून काढावी लागते.

दुसरा निष्कर्ष प्रेक्षकाविषयी आहे. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला भायखळा गाठण्यासाठी एक पूर्ण दिवस खर्चावा लागतो आणि शिकागोचा जिना छायाचित्रातच पाहावा लागतो. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९ च्या सुमारास समकालीन भारतीय कलेचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेले, तो प्रयत्न या दृष्टीने अनुकरणीय होता. तथापि प्रदर्शन गावी येण्याची वाट पाहणे हा एकमेव मार्ग नाही. इतिहास, मराठी, इंग्रजी आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांना जुन्नरच्या एका लेण्यात न्यावे, तेथील एक ओळ लिपीसह वाचून दाखवावी आणि त्याच तासाला शिकागोच्या जिन्याचे छायाचित्र समोर ठेवावे, एवढे तर कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची चर्चा परिसंवादांतून पुष्कळ होते; तिला पोढीच्या काठी बसून आरंभ करता येईल.

टाक्यातील पाणी देणाऱ्या यवनाचे नाव दोन हजार वर्षे दगडावर आहे. नोटीस प्रसिद्ध झालेली आहे. तिच्यावर हरकत वा उत्तर नोंदवण्याचे काम वाचणाऱ्यांकडे बाकी आहे.